जलपर्णी उचलली की

चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरापासून थोडं खाली गेलं, की मार्च-एप्रिलमध्ये पवना दिसतच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार कुरण, त्यावर फिकट जांभळी फुलं. नवखा माणूस हमखास म्हणतो, किती छान! जलपर्णी अशीच फसवते.

रविवारी सकाळी सातला आम्ही दहा-बारा जण उतरतो. गमबूट, दोर, बांबूला बांधलेल्या लोखंडी आकड्या. पहिल्या दिवशी मी पानं धरून ओढत होतो. पानं हातात यायची आणि रोप जागच्या जागी. काठावर उभे असलेले भोईकाका म्हणाले, "पानाला झोंबू नको रे. खालनं हात घाल, बुडख्याला धर." तसं धरलं तर एकामागून एक पाच-सहा रोपं माळेसारखी निघून आली. दोन रोपांना जोडणारी हिरवी नाळ असते, त्या नाळेच्या टोकाला नवं रोप फुटतं. देठ मधोमध फुगलेला. दाबला तर स्पंजासारखा, आत सगळी हवा. खाली मुळांचा काळा, पिसांसारखा झुबका, आणि त्यात अडकलेल्या शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं, निर्माल्याचे दोरे. ओल्या रोपाच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. दहा वाजेपर्यंत खांदे भरून येतात.

काढलेला ढीग काठावर ठेवून घरी जाणं म्हणजे काम न केल्यासारखंच. तो तिथेच कुजतो आणि त्यानं शोषलेलं सगळं परत पाण्यात उतरतं. म्हणून पाट्या भरून वर न्यायचा, वाळवायचा, खत करायचं. कामाचा हाच भाग सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा.

लोक विचारतात, "दर वर्षी पुन्हा येते, मग काढता कशाला?" प्रश्न रास्त आहे. रावेतच्या बंधाऱ्यातून शहर पिण्याचं पाणी उचलतं आणि तिथून खाली त्याच नदीत सांडपाणी मिसळत जातं. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलपर्णीला आयतं खत; पोषक पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. चिखलातलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. नुसती जलपर्णी काढून नदी सुधारत नाही, हे मला मान्य आहे.

पण ती उचलली की खालचं दिसू लागतं, आणि मी त्यासाठीच जातो.

आमच्यातली रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी काचेच्या बाटल्या आणते. बाटली पाण्यात बुडवून, आत बुडबुडा राहू न देता भरायची. मग मँगनीज सल्फेटचे थेंब, त्यामागून अल्कली आयोडाइड. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. रावेतच्या वरून आणलेल्या बाटलीत काकवीच्या रंगाचा साका हळूहळू तळाशी बसला. जलपर्णीखालून भरलेल्या बाटलीत नासलेल्या दुधासारखा पांढरा. पांढरा म्हणजे प्राणवायू जवळजवळ नाहीच. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे निदान 5 मिलिग्रॅम हवा.

दर वर्षी वारीला जाणाऱ्या एक काकू आमच्याबरोबर असतात. त्या ती पांढरी बाटली बराच वेळ हातात धरून होत्या. दापोडीला पवना मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा, मग भीमा, उजनी, आणि पंढरपुरात तिचीच चंद्रभागा. "म्हणजे हे पाणी माझ्याआधी निघालं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी अंगणाएवढी जागा मोकळी झाल्यावर संरक्षक भिंतीच्या बुडाशी एक पाइप दिसला. काळा, हातभर रुंद. आकडीनं शेवटचा झुबका बाजूला केला, तशी साबणाच्या फेसाची कोमट धार थेट पात्रात पडताना दिसली. भोईकाका खाली उतरून आले. "वास यायचा, पण कुठनं ते कळत नव्हतं." आम्ही भिंतीवर लाल रंगानं आकडा घातला, फोटो काढले, जागेची नोंद वहीत केली. असा हा आमचा सातवा पाइप. सोमवारी अर्ज द्यायचा, आणि पुढच्या रविवारी भिंतीच्या पलीकडच्या वळणापासून सुरुवात.