देवनागरी चलनामे : दृश्य साम्य आणि संकेतभेद

संगणकीय आज्ञावलीत मूल्य साठविणाऱ्या घटकास चल म्हणतात व प्रत्येक चलास नाव द्यावे लागते. जावा भाषेत ही नावे देवनागरीत लिहिण्याची मुभा आरंभापासून होती. पायथॉनमध्ये ती डिसेंबर २००८ मधील ३.० या आवृत्तीने आली. त्याबरोबर नामसंघर्षाचा प्रश्नही आला.

'परळ' आणि हिंदी 'परेल', किंवा 'गिरगाव' आणि १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे 'गिरगांव', ही नावे यंत्र भिन्न मानते. त्यात गैर काही नाही. वाचकालाही भेद दिसतोच. खरी अडचण न दिसणाऱ्या भेदाची आहे.

'ॲ' या स्वरासाठी युनिकोडमध्ये ०९७२ हा स्वतंत्र संकेत २००८ साली, ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. तत्पूर्वी 'अ' पुढे अर्धचंद्र जोडून काम भागविले जाई व ती सवय अद्याप टिकून आहे. पायथॉन नावांचे प्रमाणीकरण करते, त्यामुळे 'र' आणि नुक्ता मिळून झालेला 'ऱ' व एकसंकेती 'ऱ' तेथे एकच ठरतात. 'ॲ'च्या दोन रूपांना मात्र ही सवलत नाही. दादरमधील एखाद्या महाविद्यालयाच्या शुल्कनोंदीची कल्पना करावी. एका प्राध्यापकाने 'ॲडमिशनशुल्क' हे चल जुन्या पद्धतीने टंकित केले. दुसऱ्याने सुधारित रक्कम नव्या 'ॲ'ने लिहिली. पडद्यावर एकच नाव दिसते, प्रत्यक्षात चले दोन होतात. पावती जुन्याच रकमेची निघते आणि यंत्र दोष दाखवीत नाही. भुर्दंड विद्यार्थ्यास पडतो.

याच्या उलट प्रकार मराठीच्या खास रफाराचा. 'दऱ्या' हा शब्द 'ऱ' वापरून लिहिता येतो, तसाच साध्या 'र्' नंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह देऊनही. पायथॉन हे चिन्ह नावात नाकारते, म्हणजे निदान चूक कळते. जावास्क्रिप्ट ते स्वीकारून दोन वेगळी नावे मानते. अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकणे हा उपाय तर अधिकच घातक, कारण चिन्ह जाताच उरतो तो 'दर्या'. डोंगरातील दऱ्या आणि समुद्र एकाच नावाखाली येतात!

रोमन लिपीकडे परतणे हा सोपा मार्ग खरा, पण मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास अर्थवाही नावांचा होणारा लाभ त्यात गमवावा लागतो. त्यापेक्षा प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर इनस्क्रिप्ट कळफलकाची एकच आवृत्ती ठेवावी आणि आज्ञावली चालविण्यापूर्वी नावांची तुलना दृश्य रूपावरून नव्हे, तर संकेतांकांवरून करून घ्यावी.