दंडाची पावती

वनदाव्याच्या कामासाठी डोंगरातून अक्कलकुव्याला उतरलेल्या माणसाच्या हातात बहुधा एक पिशवी असते. पिशवीत प्लास्टिकचा कागद आणि त्यात घड्यांवर फाटलेली पावती. जंगलात नांगर घातला म्हणून वनखात्याने बापाकडून वसूल केलेल्या दंडाची. तेव्हा ती गुन्ह्याची खूण होती. पुढे २००६चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचा पुरावा मागू लागला आणि तीच पावती नेवाडाची, म्हणजे वनजमिनीवर कसलेल्या शेताची, साक्षीदार झाली. थोरांची जबानीही नियमाप्रमाणे चालते, पण कागद तो कागद. ज्याच्या बापाने साहेबाला चुकवून दंड टाळला, तो आता हळहळतो.

४ जुलै २०२६ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं होतात. त्या निमित्ताने जुनं अमेरिकी लेखन वाचायला घेतलं, तर ही पावती डोळ्यांसमोरून हलेना. त्या लेखनातला राजाशी असलेला तंटा सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून जुना वाटतो तो जमिनीचा तंटा.

जॉन विन्थ्रॉप हा पेशाने वकील, पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर. जहाजात बसण्याआधीच, १६२९च्या सुमारास, त्याने आपली बाजू मांडून ठेवली होती. तिथल्या मूळ रहिवाशांना कुंपण नाही, कायमची वस्ती नाही, गुरं नाहीत. म्हणून जमिनीवर त्यांचा फक्त नैसर्गिक हक्क. त्यांच्यापुरती ठेवली की उरलेली आपण घ्यायला हरकत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की सातपुड्यात नांगर होता, बैल होते, ज्वारी-मका होता; नव्हती ती सरकारी नोंद.

विन्थ्रॉपला उत्तर घरातूनच मिळालं. रॉजर विल्यम्स हा धर्मोपदेशक म्हणू लागला की राजाने सनद दिली खरी, पण जमीन राजाची होतीच कुठे? ती तिथल्या लोकांकडून रीतसर घ्यायला हवी. १६३५मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी त्याने नॅरॅगन्सेट लोकांकडून जमीन मिळवून प्रॉव्हिडन्स वसवलं. त्या शतकात इतकं सरळ बोलणारे थोडेच.

जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनवर फार थांबत नाही. तत्त्वज्ञ जॉन लॉकने माणसाच्या हक्कांत जिथे मालमत्ता म्हटलं होतं, तिथे १७७६च्या जाहीरनाम्यात सुखाचा शोध आला. लिहिणाऱ्याच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते, आणि त्याच कागदात मूळ रहिवासी निर्दय रानटी ठरले. बरं, नांगर हीच कसोटी म्हणावी, तर मूळ रहिवाशांपैकी चेरोकी लोकांनी शेती केली, १८२७ला लिखित राज्यघटना केली, १८२८ला स्वतःच्या लिपीत वर्तमानपत्र काढलं. तरी १८३०ला हुसकावणीचा कायदा झालाच.

थॉमस पेन मात्र वेगळा निघाला. १७९७च्या पुस्तिकेत तो म्हणतो की न कसलेली जमीन सगळ्या माणसांची. कसणाऱ्याची मालकी त्याने केलेल्या सुधारणेपुरती. म्हणून जमीनदाराने समाजाला भुईभाडं द्यावं आणि त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला १५ पौंड, पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड मिळावेत. हिशेबासकट मांडलेला हक्क मला घोषणेपेक्षा भरवशाचा वाटतो.

याच पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलं. १८७३ची 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत त्यांनी गोऱ्या वसाहतवाल्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर केलेल्या क्रौर्याचाही दाखला दिला आहे. एका हाताने आभार, दुसऱ्या हाताने जाब. अमेरिकेचं इतकं नेमकं वाचन त्या काळी पुण्यात बसून दुसऱ्या कुणी केलं असेल, असं वाटत नाही.

जमिनीचा हाच तंटा आमच्याकडेही झाला. आमच्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली गाव सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातून सगळ्यात आधी आलं. १९९३मध्ये या धरणाचं जागतिक बँकेचं कर्ज थांबलं. १९९४मध्ये जगभरच्या संघटनांनी या बँकेच्या धरणकर्जांविरुद्ध जाहीरनामा काढला, त्याला मणिबेलीचंच नाव दिलं. इकडे नर्मदाकाठी मोजणी व्हायची तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: जमीन नावावर आहे का? पिढ्यान्‌पिढ्या नेवाड कसणारा तिथे अतिक्रमणदार निघायचा.

वनहक्काचा पट्टा मिळाला तरी तो चार हेक्टरच्या आतला, विकता न येणारा. वारसाने मात्र पुढे जातो. हक्कात बायकांचा वाटा किती, हा प्रश्नही जुनाच. मार्च १७७६मध्ये अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने नवऱ्याला लिहिलं होतं की नवे कायदे करताना बायकांना विसरू नका; जॉन अ‍ॅडम्सने ते हसण्यावारी नेलं. आमच्याकडे वनपट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं लागतात, कायद्यातच तसं आहे. दंडाच्या पावतीवर बाईचं नाव मी अजून पाहिलेलं नाही.