तीन देश, एक टायटन कप

● १९९६च्या टायटन कप या तिरंगी क्रिकेट मालिकेचे गणित साधे. प्रत्येक संघ दुसऱ्याशी तीनदा खेळणार. नऊ साखळी सामने, मग पहिल्या दोघांत अंतिम लढत. या गणिताचा फटका बसला तो दक्षिण आफ्रिकेला.

● कर्णधार क्रोनिएच्या या संघाने साखळीतले सहाच्या सहा सामने जिंकले. गुण १२. भारताचे जेमतेम ५, तेही ऑस्ट्रेलियाला दोनदा हरवून आणि कटकच्या वाहून गेलेल्या सामन्याचा एक गुण पदरात पाडून. ऑस्ट्रेलियाला एकही विजय नाही.

● आठवणीत राहिली ती ऑस्ट्रेलियाविरुद्धची २१ ऑक्टोबरची बंगळूरची रात्र. सचिन ८८ धावा करून परतला, आठ गडी बाद, आणि खेळपट्टीवर श्रीनाथ-कुंबळे ही कर्नाटकचीच जोडी. कॅमेरा राहून राहून स्टँडमधल्या कुंबळेच्या आईवर जात होता. नवव्या विकेटसाठी ५२ धावांची अभेद्य भागीदारी झाली आणि सामना खिशात! त्या रात्री टीव्ही मध्येच बंद करून झोपलेले अजून हळहळतात.

● अंतिम सामना ६ नोव्हेंबरला वानखेडेवर. भारत ७ बाद २२०, त्यात कर्णधार सचिनच्या ६७. मग कुंबळेने २५ धावांत ४ बळी टिपले आणि आफ्रिका ३५ धावांनी हरली. सहा विजय पाण्यात.