मालवणचा दर्या, मुशी आणि मराठवाड्याचा पर्यटक

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र सरकारनं मालवणच्या समुद्राचा एक तुकडा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त. त्यातला साधारण तीन चौरस किलोमीटरांचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या अवतीभवतीचा. राज्यातलं हे एकमेव सागरी अभयारण्य. लातूर जिल्हा होऊन तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती, आणि आमच्या मराठवाड्यातल्या बहुतेकांना मालवण ठाऊक होतं ते इतिहासाच्या पुस्तकातल्या किल्ल्यापुरतं. आज दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात तारकर्लीला जा. एमएच २४ आणि एमएच २६ पाटीच्या गाड्या ओळीनं उभ्या दिसतात. रात्रभर प्रवास करून आलेली लातूर-नांदेडची कुटुंबं सकाळी स्कूबासाठी नंबर लावून बसलेली असतात. त्यामुळे या किनाऱ्यावर गेल्या साडेतीन-चार दशकांत काय घडलं, याच्याशी आता आपलाही संबंध आहे.

अभयारण्य जाहीर झालं, पण ज्यांच्या होड्या रोज त्या पाण्यात जात होत्या त्यांच्या मनात ते कधी उतरलं नाही. रापणीवर जगणारी माणसं होती ही. होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे, अशी ही सामाईक मासेमारी. आपल्याच दारातलं पाणी उद्या आपल्याला बंद होईल, ही त्यांची भीती होती, आणि ती खोटी ठरवण्यासाठी त्यांच्याशी पुरेसं बोललं गेलं नाही. विरोध वर्षानुवर्षं टिकला, वनखात्याला कारवाई जमेना, आणि अभयारण्य बरंचसं कागदावर राहिलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली पहिली आणि सर्वांत महाग चूक हीच. समुद्राला कुंपण घालता येत नाही. तिथला राखणदार होडीतला माणूसच असतो, आणि त्यालाच बाहेर ठेवून काम सुरू केलं गेलं.

शार्कच्या बाबतीतही हेच झालं, आणि २००१ हे वर्ष तर विलक्षण धावपळीचं गेलं. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची कत्तल कशी चालते हे माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटानं जगाला दाखवलं होतं. बारा-बारा मीटर लांबीचा, अंगभर पांढरे ठिपके असलेला, प्लवकं गाळून खाणारा आणि माणसाला कसलाही अपाय न करणारा हा मासा. त्याच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायला वापरत, मांस आणि पर परदेशी जात. मे २००१ मध्ये तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसला. जुलैमध्ये केंद्रानं सगळ्याच शार्क आणि पाकटांवर बंदी घातली. किनाऱ्यावरून ओरड झाली आणि डिसेंबरात ती मागे घेऊन यादी दहा जातींवर आणली गेली. ज्याच्या जाळ्यात मुशी, म्हणजे शार्क, आपोआप येते, त्याला एका रात्रीत गुन्हेगार ठरवायचं आणि सहा महिन्यांत पुन्हा मोकळं सोडायचं, यातून कायद्याचा धाक वाढत नाही, विश्वास मात्र जातो.

गुजरातेत पुढे जे झालं ते शिकण्यासारखं आहे. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम सुरू केली. तिचा चेहरा झाले कथाकार मोरारीबापू. व्हेल शार्क ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, असं ते तिथल्या खारवा मच्छीमार समाजाला सांगत. तिला नावही दिलं गेलं, व्हाली. सोबत जाळ्याची भरपाई ठेवली. कथा आणि पैसे, दोन्ही एकत्र आले तेव्हा जाळी कापली जाऊ लागली. वेरावळ आणि आसपासच्या बंदरांतल्या ज्या मच्छीमारांनी आधी हा मासा मारला, त्यांनीच शेकडो व्हेल शार्क सोडल्या. नुसती कथा असती तर दोन वर्षांत विरली असती, असं मला वाटतं. नुसते पैसे असते तर फक्त अर्ज आले असते.

महाराष्ट्राला तिथवर पोहोचायला १४ वर्षं लागली. मधल्या काळात मालवणच्या पाण्यात दुसरंच काही वाढत होतं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढच्या दशकाच्या अखेरीस किल्ल्याजवळच्या प्रवाळांवर स्नॉर्कलिंग आणि स्कूबा सुरू झालं. त्यात सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा पुढाकार मोठा. मच्छीमारांच्या पोरांना पाण्याखाली पर्यटक सांभाळण्याचं प्रशिक्षण मिळालं, आणि २०१५ च्या सुमारास तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. याच काळात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्ग प्रकल्प चालू होता. ट्रॉलच्या जाळ्याच्या शेपटाला चौकोनी आसाची जाळी लावून बारकी मासळी निसटू द्यायची, खाडीत कालवं आणि खेकडे वाढवायचे, बायकांच्या बचत गटांनी कांदळवनातून होड्या फिरवायच्या, असे प्रयोग त्यात झाले. वेंगुर्ल्याच्या स्वामिनी गटाची कांदळवन सफर त्यातूनच निघाली आणि टिकली.

स्कूबानं घरं उभी केली, हे खरं. जो मुलगा गोव्याला हॉटेलात गेला असता तो गावात राहिला. पण मुशीला त्याचा काय उपयोग झाला? फिलिपाइन्समध्ये दोनसोल गावी १९९८ पासून लोक व्हेल शार्क बघायला येतात आणि तिथले मच्छीमारच त्यांचे वाटाडे झाले. जिवंत मासा तिथं थेट चूल पेटवतो. मालवणचं तसं नाही. इथं व्हेल शार्क ठरल्या दिवशी ठरल्या जागी येत नाही. पर्यटकाला दिसतात ते पट्टेरी छोटे मासे, तेही बऱ्याचदा पाव आणि बिस्किटं टाकून गोळा केलेले. चार-सहा मीटर खोलीवर, गढूळसर पाण्यात, वाटाड्यानं मागून टाकी धरलेली, समोर कॅमेरा, अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ठीक आहे’ची खूण, आणि पंधरा मिनिटांत वर. त्याच प्रवाळावर होड्यांचे नांगर पडतात. २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणारी बोट तारकर्लीला उलटली आणि पर्यटकांचे जीव गेले, तेव्हा या धंद्याच्या सुरक्षेवर राज्यभर बोललं गेलं. त्याच्या समुद्रावरच्या भाराबद्दल मात्र आजही फारसं कुणी बोलत नाही.

मोठ्या बोटींनी तर पारंपरिक मच्छीमाराचं कंबरडंच मोडलं. पर्ससीन जाळी बांगड्याचे थवेच्या थवे उचलू लागली, परराज्यांतले ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसू लागले. पर्ससीनच्या अभ्यासासाठी नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यानं पर्ससीनवर मर्यादा घातली, आणि २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. पाण्यातल्या अंमलबजावणीवर मालवणचा मच्छीमार अजून समाधानी नाही, आणि तसं असण्याचं कारणही नाही. ज्याची रापण रिकामी येते त्याला शार्क वाचवायला सांगणाऱ्यानं आधी हे लक्षात घ्यावं.

डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या कांदळवन कक्षानं आणि मत्स्यव्यवसाय खात्यानं जी योजना आणली, ती मला या सबंध काळातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. संरक्षित प्राणी जाळ्यात आला, तो जाळं कापून जिवंत सोडला, आणि त्याचे फोटो किंवा चित्रण दिलं, तर फाटलेल्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. कासव, व्हेल शार्क, लांजा मासा, डॉल्फिन असे प्राणी त्यात येतात. कागदावर दोन ओळींत मावणारी ही गोष्ट होडीत कशी असते ते बघा. पहाटेचा अंधार, जाळं अचानक जड होतं. ओढून बघावं तर खाली होडीएवढं धूड, शेपटीला नायलॉनचे वेढे बसलेले. मासा जागीच अडकला की कल्ल्यांतून पाणी नीट फिरत नाही, म्हणजे वेळ थोडा. एकानं होडी स्थिर धरायची, दुसऱ्यानं वाकून वेढे कापायचे, शेपटीचा एक फटका बसला तर होडी उलटते, आणि तिसऱ्यानं मोबाइल कोरडा ठेवून हे सगळं टिपायचं. मासा गेला की उरतं भोकं पडलेलं जाळं, जळालेलं डिझेल आणि बुडालेला दिवस. भरपाई मिळते ती फक्त जाळ्याची. तरीही कोकणातल्या मच्छीमारांनी पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कासवं सोडली, व्हेल शार्क सोडल्या, आणि त्यांची चित्रणं राज्यभर फिरली. १९८७ ची रेघ जे करू शकली नाही ते या योजनेनं केलं, कारण तिनं मच्छीमारावर विश्वास टाकला.

पण व्हेल शार्क हा सोपा भाग झाला. ती मोठी आहे, ओळखू येते, आणि आपल्याकडे तिला कुणी खात नाही. अवघड आहे ती मोरी. मालवणी खानावळीत मोरीचं मटण हा मानाचा पदार्थ, आणि मोरी म्हणजे लहान मुशी. त्यात काही जाती मुळातच छोट्या असतात, पण काही मोठ्या शार्कची पिल्लं असतात, हातोड्यासारख्या डोक्याच्या कानमुशीचीसुद्धा. मुशी वयात यायला वर्षं लागतात आणि पिल्लं थोडी होतात. बांगड्यासारखी लाखो अंडी ती घालत नाही. संशोधक दिव्या कर्नाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या मच्छीमारांमध्ये केलेल्या अभ्यासात हेच दिसलं, की आपल्याकडे शार्कच्या घटीमागे परांच्या परदेशी बाजाराइतकीच, किंबहुना जास्त, स्थानिक ताटातली लहान मुशीची मागणी आहे. पर कापून धड फेकण्यावर २०१३ मध्ये बंदी आली, परांची निर्यात २०१५ मध्ये थांबली, तरी हे ताट तसंच राहिलं. १ एप्रिल २०२३ पासून सुधारित कायद्यानं शार्क आणि पाकटांच्या कितीतरी नव्या जाती संरक्षित केल्या. पण डेकवर पडलेल्या हातभर पिल्लाची जात ओळखायला मच्छीमाराला कुणी शिकवलं? यादी लांबली, शिकवणी झाली नाही. २००१ चीच चूक पुन्हा होण्याची चिन्हं मला यात दिसतात.

आता आपल्याकडे येतो. मराठवाड्याला समुद्र नाही. आठवडी बाजारातला सुकट-बोंबील एवढाच आमचा दर्याशी जुना व्यवहार. मात्र गोदावरीवर विष्णुपुरीच्या पाण्यात होडी घालणारा भोई आम्ही पाहिलेला आहे. नदीचं धरण झालं, पाण्याचा ठेका झाला, आणि निर्णयात त्याला विचारलं गेलं ते सर्वांत शेवटी. त्यामुळे मालवणच्या गाबित मच्छीमाराची तक्रार आम्हाला समजायला जड जाऊ नये. उद्या पवनार ते पत्रादेवी असा, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरांचा, शक्तिपीठ महामार्ग झालाच, तर तो नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून थेट सिंधुदुर्गात उतरेल. त्याला शेतकऱ्यांचा विरोध आहे, तो रास्त आहे की नाही हा वेगळा विषय. पण रस्ता झाला की आज शेकड्यांनी जाणारे आपण हजारोंनी जाऊ. तिकडे निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त गुलदार नौका बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प सरकारनं हाती घेतला आहे. गर्दी वाढणार हे नक्की.

या गर्दीचा पैसा जाळं कापणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, ही गेल्या चार दशकांची खरी उणीव आहे. स्कूबाचा पर्यटक ज्या जिवंत समुद्रासाठी पैसे मोजतो, तो जिवंत ठेवण्याचा खर्च मात्र रात्री समुद्रात गेलेला गरीब माणूस एकटा उचलतो. माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक स्कूबा आणि स्नॉर्कलिंगच्या तिकिटावर सरकारनं ठरावीक रक्कम घ्यावी आणि ती जाळ्याच्या भरपाईच्या निधीतच जावी. बुडालेल्या दिवसाची मजुरीही त्यातून मिळावी आणि पैसे महिन्याच्या आत खात्यात पडावेत. पन्नास रुपये जास्त पडले म्हणून लातूरचं कोणतंही कुटुंब तारकर्लीचा बेत रद्द करणार नाही. आणि सरकार हे करेल तेव्हा करेल, तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. पाण्याखाली पाव टाकू नका, वाटाड्यालाही टाकू देऊ नका. आणि खानावळीत बसलात की मोरी मागू नका. बांगडा मागा, तारली मागा. ती मासळी रापणीतही येते आणि तिचे वाटे अजून किनाऱ्यावरच होतात.