धूर न सोडणारा टेम्पो

मुलांनो, शाळेत येताना तुम्ही बाजारातून येता. दुकानांसमोर टेम्पो उभे असतात. हमाल माल उतरवत असतात. पुष्कळदा गाडी उभी असूनही तिचे इंजिन चालूच असते आणि धूर आपल्या नाकातोंडात जातो. आपण नाकावर रुमाल धरून पुढे जातो. पण दुकानदार, हमाल आणि ड्रायव्हर यांना दिवसभर त्याच धुरात काम करावे लागते. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे.

यावर एक उपाय म्हणजे विजेवर चालणारा टेम्पो. त्यात इंजिनाऐवजी मोटर आणि डिझेलच्या टाकीऐवजी बॅटरी असते. गाडी थांबली की मोटरही थांबते. ब्रेक लावताना तर ती उलटे काम करते. फिरत्या चाकांपासून थोडी वीज तयार करून ती बॅटरीत परत भरते. शहरातला टेम्पो वारंवार थांबतो, म्हणून त्याला या गुणाचा फायदा अधिक होतो. शिवाय त्याची फेरी जवळची असते. भिवंडीच्या गोदामातून ठाण्याला माल पोहोचवून तो संध्याकाळी परत येतो. रात्री तो उभा असताना बॅटरी भरता येते.

ही कल्पना अगदी नवी नाही. इंग्लंडमध्ये घरोघरी दूध पोहोचवणाऱ्या कितीतरी गाड्या विसाव्या शतकात विजेवर चालत. पहाटे त्यांच्या आवाजाने कोणाची झोप मोडत नसे. आपल्याकडे ज्याला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात, त्या टेम्पोचा विजेवर चालणारा प्रकार २०२२ साली आला. तो ६०० किलो माल नेऊ शकतो.

आता थोडा हिशोब करू. समजा, एक टेम्पो रोज ८० किलोमीटर चालतो. डिझेलचा खर्च किलोमीटरला ५ रुपये आणि विजेचा २ रुपये धरला, तर रोज २४० रुपये वाचतात. महिन्यात २५ दिवस काम केले, तर ६००० रुपये होतात.

मग सगळेच टेम्पो विजेवर का चालत नाहीत? कारण बॅटरी महाग असते. गाडी घेताना जास्त पैसे मोजावे लागतात आणि कर्जाचा हप्ताही वाढतो. ज्याचे घर अरुंद गल्लीत आहे, त्याने रात्री बॅटरी कोठे भरावी? दिवसा भरायची तर तासन्‌तास थांबावे लागते. तेवढ्या वेळात एक फेरी बुडते, आणि फेरी बुडाली की त्या दिवसाची कमाई कमी होते.

म्हणून ड्रायव्हरला मदत मिळाली पाहिजे. गर्दीच्या वेळी दिल्लीच्या अनेक रस्त्यांवर मालवाहू गाड्यांना बंदी असते. २०२१ साली दिल्ली सरकारने विजेवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाड्यांना ही बंदी माफ केली. त्यामुळे त्यांना जास्त फेऱ्या करता येऊ लागल्या. गोदामात माल भरतानाच बॅटरी भरण्याची सोय झाली, तर ड्रायव्हरचा वेळही वाचेल.

आणखी एक गोष्ट विसरू नका. महाराष्ट्रातील बरीच वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. आपल्या बाजारातला धूर गेला, तरी तिथल्या मुलांच्या वाट्याला धूर येतोच. ऊन आणि वारा यांपासून जितकी जास्त वीज तयार होईल, तितका तो धूर कमी होईल.

मुलांनो, स्वच्छ हवा सर्वांना हवी आहे. मग तिची किंमत एकट्या टेम्पोवाल्याने का द्यावी? तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी टेम्पो चालवत असेल, तर त्यांच्याजवळ बसून रोजच्या खर्चाचा आणि कमाईचा हिशोब करून पाहा. विजेचा टेम्पो त्यांना परवडेल का, हे तुम्हालाच कळेल.