शेजाऱ्याच्या शब्दावर चालणारें टपाल

रत्नागिरी जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांत राहणारी आजी आपल्या मोबाईलवरून नागपूरला शिकणाऱ्या नातवास चार ओळींचा निरोप धाडते, आणि काचेवरून तिचें बोट उचललें जातें न जातें तोंच तो निरोप नातवाच्या हातीं पडलेला असतो. मध्यें सह्याद्रि आहे, नद्या आहेत, शेंकडों मैलांचें अंतर आहे. शिवाय निरोप सरळ नागपुरास जात नाहीं. ज्या कंपनीच्या सेवेंतून तो धाडला तिच्या संगणकाकडे तो आधीं जातो, आणि तो संगणक दुसऱ्या शहरांत, क्वचित् दुसऱ्या देशांतहि असूं शकतो. एवढ्या वाटेंत निरोप अनेक यंत्रांच्या हातांतून जातो. पण आरंभापासून शेवटपर्यंतची सबंध वाट त्यांतील एकालाहि ठाऊक नसते. सर्व वाटांचा नकाशा पुढें घेऊन बसलेला कोणी मुख्य अधिकारी या व्यवस्थेंत नाहींच. मग निरोप पोंचतो कसा? संगणकांच्या जाळ्याचें मर्म या एका प्रश्नांत आहे, आणि त्याचा उलगडा करूं गेल्यास या जाळ्याचें सामर्थ्य व त्याचें वैगुण्य हीं दोन्हीं एकाच ठिकाणीं सांपडतात.

दूरच्या माणसाशीं व्यवहार करण्याच्या दोन जुन्या रीती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एक टेलिफोनची व दुसरी टपालाची. जुन्या टेलिफोन-कचेरींत दोन ग्राहकांच्या तारा एकमेकींस जोडून देत, आणि संभाषण संपेपर्यंत ती वाट त्या दोघांचीच असे. ते मुकाट बसले तरी तिसऱ्यास तिचा उपयोग नसे. टपालाचें तसें नाहीं. एकाच थैलींतून हजार जणांचीं पत्रें जातात, आणि ज्याचें पत्र नाहीं त्याच्यासाठीं जागा अडवून ठेवावी लागत नाहीं. संगणकांचें बोलणें मोठें तुटक असतें. क्षणभर पुष्कळ मजकूर, आणि मग कितीतरी वेळ स्तब्धता. तेव्हां त्यांना टपालाचीच रीत सोईची, हें उघड आहे.

ही कल्पना दोघांना स्वतंत्रपणें सुचली. अमेरिकेंत पॉल बॅरन यांनीं अणुयुद्धाच्या भीतीच्या काळांत असा विचार मांडला कीं, सर्व तारा एका मध्यवर्ती कचेरीस जोडल्या तर ती एक कचेरी नष्ट होतांच सारें दळणवळण थांबेल. यास्तव कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें अनेक गांठी असाव्या, आणि निरोपाचे लहान तुकडे करून ते मिळेल त्या वाटेनें पुढें सरकवावे. त्यांचे हे प्रबंध १९६४ सालीं प्रसिद्ध झाले. इंग्लंडांत डॉनल्ड डेव्हिस यांनीं १९६५ सालीं तीच योजना निराळ्या हेतूनें केली, आणि त्या तुकड्यांस 'पॅकेट', म्हणजे पुडकें, हें नांव दिलें. पुढें २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजलीस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला निरोप निघाला. 'लॉगिन' या शब्दाचीं पांच इंग्रजी अक्षरें धाडावयाचीं होतीं. एल् आणि ओ हीं दोन पोंचलीं आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें. दुरुस्ती होऊन त्याच रात्रीं काम साधलें. त्या सालाच्या अखेरीस या जाळ्यांत अवघे चार संगणक होते.

एक पुडकें बहुधा दीड हजार इंग्रजी अक्षरांहून मोठें नसतें. देवनागरींतील प्रत्येक वर्णचिन्हास सामान्यतः त्याच्या तिप्पट जागा लागते. तरी आजीचा चार ओळींचा निरोप एका पुडक्यांत मावतो. तिनें नव्या घराचें छायाचित्र पाठविलें तर मात्र शेंकडों पुडकीं होतात. प्रत्येकावर पाठविणाराचा पत्ता असतो, घेणाराचा पत्ता असतो, आणि तुकडे पुन्हां जुळवितां यावे म्हणून क्रम दिलेला असतो. शिवाय एक आंकडा असा असतो कीं, जो प्रत्येक टप्प्यास एकानें कमी होतो. तो शून्यावर आला कीं तें पुडकें टाकून द्यावयाचें. असें न केलें तर वाट चुकलेलीं पुडकीं चकव्यांत सांपडलेल्या वाटसराप्रमाणें फिरतच राहतील आणि वाटा तुंबवितील. मधल्या यंत्रांवर पुडकें पोंचविण्याची हमी नसते. तीं केवळ प्रयत्न करतात. गहाळ झालेलें पुडकें ओळखून तें पुन्हां मागवून घेणें, हें काम दोन टोकांच्या संगणकांचें. व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान यांनीं १९७४ सालीं मांडलेल्या योजनेवर हे नियम उभे आहेत, आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेंतील त्या मूळ जाळ्यानें ते स्वीकारले.

आतां आजीच्या निरोपाबरोबर एकेक टप्पा चालून पाहावें. पहिला टप्पा बिनतारी आहे. ओसरीवरील मोबाईलपासून भिंतीवरच्या वायफायच्या पेटीपर्यंतचें अंतर तें दहा पावलांचें. पण हेंच सर्वांत गर्दीचें. रेडिओवर एक केंद्र बोलतें व लाखों श्रोते ऐकतात. येथें मात्र घरांतील प्रत्येक यंत्राला बोलावयाचें असतें, आणि हवा सर्वांची एकच. दोघे एकदम बोलले तर दोघांचेंहि ऐकूं येत नाहीं.

या अडचणीवरचा पहिला नामी उपाय हवाई बेटांवर निघाला. तेथील विद्यापीठाचीं केंद्रें निरनिराळ्या बेटांवर होतीं, आणि मध्यें समुद्र. नॉर्मन अब्रॅम्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं तीं केंद्रें बिनतारी लहरींनीं जोडलीं. त्या जाळ्याचें नांव 'अलोहा'. त्याचा नियम अगदीं साधा होता. ज्याला बोलावयाचें त्यानें खुशाल बोलावें. पोंच आली तर ठीक, न आली तर कोणाशीं तरी टक्कर झाली असें समजावें आणि कांहीं वेळ थांबून पुन्हां बोलावें. हा 'कांहीं वेळ' मात्र प्रत्येकानें फांसे टाकून ठरवावा. दोन सद्गृहस्थ एकदम बोलूं लागले, दोघेहि थांबले, आणि तितकाच वेळ थांबून पुन्हां एकदम बोलूं लागले, तर त्यांचें संभाषण कधींच व्हावयाचें नाहीं. दैवावर सोंपविलें तर लौकरच एकाची पाळी आधीं येते. गणितानें असें दिसून आलें कीं, या रीतीनें लहरींच्या शक्तीपैकीं फार तर शेंकडा १८ च कामीं येते. सर्वांनीं घड्याळाच्या ठोक्यावरच बोलण्यास आरंभ केल्यास ती दुप्पट होते.

वायफायचा मूळ नियमसंच १९९७ सालचा आहे. त्यांत या रीतीला शिष्टाचाराची जोड दिली आहे: आधीं ऐकावें, हवा मोकळी असेल तरच बोलावें, दुसरा बोलत असेल तर तो थांबल्यावर लगेच तोंड न उघडतां फांशांनीं ठरेल तितका वेळ दम धरावा, आणि टक्कर झाली असें वाटल्यास त्याहून अधिक धीर धरावा. तरी एक अडचण उरतेच. ओसरीवरचा मोबाईल आणि परसाकडच्या खोलींतला मोबाईल यांना मधल्या भिंतींमुळें एकमेकांचें ऐकूं येत नाहीं, पण पेटीला दोघांचेंहि ऐकूं येतें. दोघांना हवा मोकळी वाटते आणि पेटीपाशीं टक्कर होते. अशा वेळीं पेटीनेंच 'आतां अमक्याची पाळी' असें पुकारावें अशी सोय नियमांत आहे. वायफायचा एक जुना पट्टा ज्या लहरींचा आहे, त्यांच्याच आसपास स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह चालतो. त्यामुळें दूध तापत असतां संभाषण अडखळलें, तर त्यांत नवल नाहीं.

पेटीपासून पुढें बहुतेक प्रवास तारांचा, विशेषतः कांचतंतूंचा. या वाटेवर जागोजाग जीं यंत्रें पुडकें घेऊन पुढें देतात त्यांना राउटर म्हणतात. टपालाचा दाखला येथें फार उपयोगी पडतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेप्रमाणें १५ ऑगस्ट १९७२ पासून भारतांत सहा आंकड्यांचा पिन कोड चालूं झाला. रत्नागिरीच्या टपालखात्यांतील माणसापुढें ४४०००१ असा आंकडा आला, तर नागपूरची ती पेठ कोठें आहे हें त्याला ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पहिले आंकडे पाहून त्यानें पत्र योग्य थैलींत टाकलें कीं त्याचें काम संपलें. पुढचे आंकडे पुढच्यांनीं पाहावे. संगणकांचे पत्तेहि असेच आंकड्यांचे असतात, आणि राउटरपाशीं पाट्यांची एक यादी असते: पत्त्याचा आरंभ अमुक आंकड्यांनीं होत असेल तर पुडकें अमुक शेजाऱ्यास द्यावें. दोन पाट्या लागूं पडत असतील, तर जिचे अधिक आंकडे जुळतात ती खरी मानावी, असा नियम आहे. हा नियम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

पण या पाट्या लिहितो कोण? एका संस्थेच्या आवारांत हें सोपें आहे. प्रत्येक राउटर आपले शेजारी कोण तेवढें सर्वांना कळवितो. त्यावरून प्रत्येक जण स्वतःपुरता नकाशा काढतो, आणि एड्स्गर डायक्स्ट्रा या डच गणितज्ञानें १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें जवळची वाट शोधतो. निरनिराळ्या संस्थांमध्यें मात्र असें चालत नाहीं. कारण आपल्या घरचा नकाशा दुसऱ्यास दाखविण्यास कोणी राजी नसतो, आणि अशा स्वतंत्र संस्थांची संख्या जगांत सत्तर हजारांहून अधिक आहे. त्यांच्यासाठीं कर्क लॉगीड व याकोव रेख्टर यांनीं १९८९ सालीं एक रीत बसविली. तिचें पहिलें टिपण जेवणाच्या मेजावरील कागदी रुमालांवर झालें. ती अशी: प्रत्येक संस्थेनें शेजाऱ्यास सांगावें कीं, 'अमुक पत्ते माझ्यामार्फत मिळतील, आणि वाट या या संस्थांवरून जाते.' शेजाऱ्यानें त्यांत आपलें नांव घालून पुढच्यास सांगावें. आलेल्या यादींत स्वतःचेंच नांव दिसलें तर वाट फिरून आपल्याकडेच येते असें जाणून ती सोडावी. अर्थात् वाटेवरील संस्थांचीं नांवें कळतात. त्या संस्थांच्या आंत काय आहे तें त्यांचें त्यांनाच ठाऊक. सारा व्यवहार शेजाऱ्याच्या शब्दावर.

या व्यवस्थेचें बळ आणि तिचा दुबळेपणा हे दोन्ही २००८ सालीं चार आठवड्यांच्या आंत जगास दिसले. ३० जानेवारी रोजीं ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांतील दोन मोठ्या तारा तुटल्या. भारतांतून यूरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच वाहतूक त्यांवरून जात होती. भारतांतील व्यवहार पुष्कळ मंदावला, पण थांबला नाहीं. ती वाट मेल्याची वार्ता शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांस दिली, आणि पुडकीं पूर्वेकडच्या समुद्रांतून लांबच्या वाटेनें जाऊं लागलीं. बॅरन यांनीं जें भाकित केलें होतें तें खरें ठरलें.

त्यानंतर २४ फेब्रुवारी रोजीं निराळाच प्रकार घडला. पाकिस्तान सरकारनें आपल्या देशांत यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला. तेथील पाकिस्तान टेलिकॉम या संस्थेनें देशांतील पुडकीं अडवून टाकून देण्यासाठीं 'यूट्यूबचे पत्ते येथें आहेत' अशी पाटी लावली. ती घरांतल्यापुरती असावयाची; पण ती बाहेर पडली, आणि हाँगकाँगच्या ज्या कंपनीमार्फत ही संस्था जगाशीं जोडलेली होती, तिनें शहानिशा न करतां ती पुढें सांगितली. यूट्यूबच्या स्वतःच्या पाटींत १०२४ पत्ते एकत्र होते. या खोट्या पाटींत त्यांतले २५६ च होते, म्हणजे तिचे अधिक आंकडे जुळत होते. मघां सांगितलेल्या नियमाप्रमाणें जगांतील राउटरांनीं खोटी पाटीच खरी मानली, आणि सुमारें दोन तास यूट्यूबकडे जाणारीं पुडकीं पाकिस्तानांत जाऊन नाहींशीं होत राहिलीं. यूट्यूबनें त्याहूनहि बारीक पत्त्यांच्या पाट्या लाविल्या आणि शेवटीं हाँगकाँगच्या कंपनीनें ती वाट तोडली, तेव्हां व्यवहार पूर्ववत् झाला. यंत्र कोठेंहि बिघडलें नव्हतें. प्रत्येक राउटरनें नियम अक्षरशः पाळला होता. चुकली ती एका ठिकाणची सावधगिरी व दुसऱ्या ठिकाणची चौकशी.

यावर उपाय म्हणून पत्ते वांटणाऱ्या संस्था आतां दाखले देऊं लागल्या आहेत. अमुक पत्ते अमक्याच्याच मालकीचे, असा दाखला गणिती कुलपानें मोहोरबंद केलेला असतो, आणि जो राउटर तो ताडून पाहतो तो खोट्या मालकाची पाटी नाकारूं शकतो. जगांतील अर्ध्याहून अधिक पाट्यांना असे दाखले आतां मिळाले आहेत. तथापि हें काम सक्तीचें नाहीं, आणि दाखला मालक कोण एवढेंच सांगतो. मधली वाट खरी कीं खोटी हें तो सांगत नाहीं. ज्या मजकुरास गुप्तता हवी तो म्हणून टोकापासून टोकापर्यंत गणिती कुलपांत बंद करून धाडतात. पुडकें भलत्याच्या हातीं गेलें तरी त्याला तें वाचतां येऊं नये.

असल्या व्यवस्थेपेक्षां एक सर्वज्ञ अधिकारी नेमावा हें बरें नव्हे काय, असें कोणास वाटेल. परंतु तो अधिकारी चुकला तर चूक सर्वत्र होईल, तो थांबला तर सर्वच थांबेल, आणि त्यानें मनांत आणलें तर कोणाचाहि निरोप अडेल. शेजाऱ्याच्या शब्दावर चालणारें टपाल कधीं कधीं फसतें. पण तें सुधारण्याचें कामहि शेजाऱ्यांच्याच हातीं राहतें. पाटी लावतांना ती खरी आहे ना हें पाहावें, आणि दुसऱ्याची पाटी पुढें सांगण्यापूर्वीं थोडी चौकशी करावी, एवढें प्रत्येकानें आपल्या टप्प्यापुरतें केलें तर आजीचा निरोप नागपुरास सुखरूप पोंचतो. ऐकीव वार्ता विचार न करतां पुढें ढकलणाऱ्या माणसांनाहि हाच नियम लागूं आहे.