‘बाप्तिस्मा’ व ‘स्नानसंस्कार’ : एका चुकीच्या निर्णयाची दुरुस्ती

खानदेशांतील यावल हें गांव एके काळीं जाड्याभरड्या देशी कागदाकरितां व निळीकरितां प्रसिद्ध होतें. आमच्यासारख्या एखाद्यास अजून जुन्या कागदांचें वेड आहे, आणि त्यामुळें शब्दाविषयीं शंका आली कीं लोक आमच्याकडे येतात. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी दोन प्रार्थनापुस्तकें घेऊन आला. त्याचें घराणें रोमन कॅथॉलिक, पत्नीचें माहेर प्रॉटेस्टंट. मुलाच्या दीक्षाविधीची निमंत्रणपत्रिका छापावयाची होती. एका पुस्तकांत त्या विधीस ‘स्नानसंस्कार’ म्हटलें होतें, दुसऱ्यांत ‘बाप्तिस्मा’. ‘गुरुजी, यांतला शुद्ध शब्द कोणता?’ असें त्यानें विचारलें. आम्हीं क्षणाचाहि विलंब न लावितां ‘स्नानसंस्कार’ असें सांगितलें. दुसरा शब्द यावनी, तो गाळावा, हेंहि वर सुचविलें. पत्रिका तशी छापली गेली आणि मुलाच्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, मनास तें फार लागलें. आम्हीं त्यांच्या मंडळीचा शब्द अशुद्ध ठरविला होता. त्या निर्णयाची दुरुस्ती करावी, एवढ्याकरितां हें टिपण आहे.

मूळ ग्रीक धातूचा अर्थ बुडविणें, निमज्जन करणें असा आहे. तेव्हां ‘स्नानसंस्कार’ हा शब्द योजणारानें अर्थ बरोबर धरिला, यांत शंका नाहीं. मग प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनीं ग्रीक शब्द तसाच कां ठेविला? त्यांस संस्कृत येत नव्हतें म्हणून, असें आम्हीं समजत होतों. तें खरें नव्हे. प्रॉटेस्टंटांमध्यें बाप्तिस्त पंथ प्रौढ व स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्या मनुष्यासच, आणि तेंहि पाण्यांत पूर्ण बुडवून, दीक्षा देतो. इतर पुष्कळ मंडळ्या अर्भकांस देतात व मस्तकावर पाणी ओततात किंवा शिंपडतात. आतां ग्रंथांत ‘बुडविणें’ असें स्पष्ट भाषांतर केलें, तर दुसऱ्या पक्षाचा विधि शब्दानेंच रद्द होतो. १८३० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास नेमकें हेंच घडलें. येट्स व पीअर्स या बाप्तिस्त मिशनऱ्यांच्या बंगाली भाषांतरांत निमज्जनवाचक शब्द आला, आणि त्यास साहाय्य देण्याचें लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीनें नाकारलें. तेव्हां बाप्तिस्तांनीं १८४० मध्यें बायबल ट्रान्सलेशन सोसायटी ही आपली निराळी संस्था काढिली. एका क्रियापदावरून दोन संस्था झाल्या!

हें ध्यानांत घेतलें म्हणजे ‘बाप्तिस्मा’ हा शब्द अज्ञानाचा नव्हे, तहाचा आहे, असें दिसून येतें. बुडविणारा व शिंपडणारा दोघांनींहि तो म्हणावा आणि वाद त्याच्या बाहेर ठेवावा, एवढें काम तो करितो. आमच्या व्याकरणाच्या तराजूंत तें वजन धरलेंच गेलें नव्हतें.

संग्राहकांस याहून जवळचें उदाहरण ‘क्रिस्तपुराणा’चें आहे. फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ मध्यें गोव्यास आला. त्याचा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्यें राशोल येथें रोमन लिपींत छापला गेला. १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हां निघाला, परंतु या तिन्ही मुद्रणांची एकहि प्रत आज हातीं नाहीं. जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूर येथें १९०७ मध्यें काढलेली आवृत्ति रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून सिद्ध झाली. पुढें १९२३ मध्यें जस्टिन अ‍ॅबट यांनीं लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत अभ्यासकांपुढें आणिली. हे अ‍ॅबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट! कॅथॉलिक पाद्र्याच्या ग्रंथाचा हा देवनागरी पाठ दुसऱ्या मंडळीच्या मनुष्यानें प्रकाशांत आणावा, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासांत मोठ्या अक्षरांनीं लिहिण्याजोगी आहे.

या दोन पाठांतहि भेद शब्दांचाच आहे. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज किंवा लॅटिन धर्मशब्द येतात, तेथें देवनागरी पाठांत पुष्कळदां संस्कृत शब्द आढळतात. अ‍ॅबटनें देवनागरी पाठच मूळ मानिला. तें मत पुढें सर्वांस मान्य झालें नाहीं. संस्कृत शब्द अधिक म्हणून पाठ जुना, असें म्हणण्याचा मोह आम्हांसहि झाला होता. पण शुद्धीची आवड असलेला एखादा लेखकूहि परकी शब्द काढून संस्कृत शब्द घालूं शकतो. आम्हीं त्या निमंत्रणपत्रिकेंत दुसरें काय केलें?

रोमन चर्चनें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत, २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं, ख्रिस्ती ऐक्याविषयीं जें शासन काढिलें, त्यांत यथाविधि दीक्षा झालेल्या इतर ख्रिस्ती जनांशीं आपला अपूर्ण कां होईना पण खरा संबंध आहे, असें मान्य केलें. म्हणून पाण्यानें व पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नामानें झालेली दीक्षा कॅथॉलिक पुन्हां देत नाहींत. १९६८ मध्यें व्हॅटिकनचें ऐक्य-सचिवालय व युनायटेड बायबल सोसायटीज यांनीं संयुक्त भाषांतराचे नियम ठरविले. कॅथॉलिकांचे उसने शब्द बहुधा लॅटिनकडून व प्रॉटेस्टंटांचे ग्रीक, हिब्रू किंवा इंग्रजीकडून येतात, ही अडचण त्यांत स्पष्ट नोंदलेली आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. त्यांत बाप्तिस्तहि आले आणि अर्भकदीक्षा व प्रौढदीक्षा या दोन्ही ग्राह्य ठरल्या. रोमन कॅथॉलिक त्या संघांत नाहींत. ‘मिस्सा’ व ‘प्रभुभोजन’ यांचा प्रश्न तर शब्दांचा नसून पंक्तीचा आहे. त्या एका पंक्तीस दोन्हीं मंडळ्या अद्यापि बसत नाहींत.

त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या मुलाच्या पत्रिकेवर दोन्ही शब्द छापले होते. शब्दक्रम कोणता ठेवावा हें त्यानें आम्हांस विचारलें नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं ख्रिस्ती प्रार्थनांच्या मोडी किंवा बाळबोध वह्या असतील त्यांनीं दीक्षाविधीचा शब्द सूचींत जसाच्या तसा, ऱ्हस्वदीर्घासह, उतरावा, आणि ‘शुद्ध रूप’ म्हणून कंसांत दुसरा घालूं नये. अशा नोंदी कोणी धाडल्यास आम्ही त्या साभार एकत्र करूं.